एकच नाद, दोन निवाडे : समकालीन अभिजात संगीताचे श्रोते का दुभंगतात?

न्यूयॉर्कमधील कार्नेगी हॉलमध्ये १८ जानेवारी १९७३ रोजी बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात स्टीव्ह राइश यांची ‘फोर ऑर्गन्स’ ही रचना सादर झाली. चार इलेक्ट्रिक ऑर्गन आणि खुळखुळ्यासारखी वाजणारी माराकासची जोडी, एवढाच तिचा सरंजाम. ऑर्गनवर एकच स्वरमेळ पुन्हापुन्हा वाजतो, त्यातील स्वर हळूहळू लांबत जातात आणि पाव तासाहून अधिक काळ दुसरे काहीही घडत नाही. थोड्याच वेळात सभागृहात चुळबुळ सुरू झाली आणि तिचे रूपांतर आरडाओरड्यात झाले. रचना लवकर आटोपावी म्हणून काहींनी मध्येच टाळ्या पिटल्या. एका महिलेने पायातील बूट काढून तो मंचाच्या कडेवर आपटला, अशी आठवण त्या रात्री ऑर्गन वाजवणाऱ्यांपैकी एक असलेले मायकेल टिल्सन थॉमस यांनी सांगितली आहे. गोंगाटात वादकांना एकमेकांचे वादन ऐकू येईना, तेव्हा ओरडून मात्रा मोजण्याची वेळ आली. रचना संपली तेव्हा सभागृहाच्या एका भागातून हुर्यो उठली, तर दुसऱ्या भागातून तितकाच जोरदार जयघोष.

त्या रात्री सर्वांच्या कानी पडलेला नाद एकच होता. निवाडे मात्र दोन झाले. समकालीन अभिजात संगीताच्या, म्हणजे बाख, मोझार्ट आणि बेथोव्हेन यांच्या परंपरेतून आलेल्या परंतु विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून त्या परंपरेचे नियम नव्याने मांडू पाहणाऱ्या संगीताच्या वाट्याला हा दुभंग वारंवार आला आहे. ‘आवड ज्याची त्याची’ एवढे म्हणून तो सोडून देता येत नाही. वाद्यवृंदांनी कोणते कार्यक्रम आखावेत, सार्वजनिक पैसा कोणत्या संगीतावर खर्च व्हावा, हयात रचनाकाराने उपजीविका कशी करावी आणि ही परंपरा जिवंत राहणार की केवळ जुन्या कृतींचे संग्रहालय होणार, हे सारे प्रश्न त्याच्याशी जोडलेले आहेत.

१९१३ : दोन शहरे, दोन गोंधळ

या वादाचा आरंभ सांगताना बहुधा १९१३ या वर्षाकडे बोट दाखवले जाते. त्या वर्षी ३१ मार्च रोजी व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन सभागृहात अर्नोल्ड शोनबर्ग यांच्या संचालनाखाली त्यांची स्वतःची आणि अँटोन वेबर्न, अल्बान बर्ग या त्यांच्या शिष्यांची रचना असलेला कार्यक्रम झाला. बर्ग यांची गीते सुरू असताना हशा, शिव्या आणि हाणामारी इथवर मजल गेली आणि कार्यक्रम अर्धवट थांबवावा लागला. प्रकरण न्यायालयात गेले. त्या संध्याकाळी आयोजकाने मारलेल्या चपराकीचा आवाज हाच सर्वांत सुरेल होता, असा टोमणा साक्षीला आलेले संगीतकार ऑस्कर श्ट्राउस यांनी मारल्याचे सांगितले जाते. या विनोदाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही : बर्ग यांचा तो गीतसंच त्यांच्या हयातीत पुन्हा कधीच संपूर्ण गायला गेला नाही. तो सलग ऐकायला मिळाला तो सुमारे चार दशकांनी, त्यांच्या मृत्यूनंतर.

दोनच महिन्यांनी, २९ मे रोजी, पॅरिसच्या शाँझेलिझे नाट्यगृहात इगॉर स्ट्राविन्स्की यांच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ या नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग झाला. या प्रयोगातील गदारोळ जगप्रसिद्ध आहे. तथापि तो संगीतामुळे झाला की वास्लाव्ह निजिन्स्की यांच्या अपरिचित नृत्यरचनेमुळे, यावर अभ्यासकांत अद्याप मतभेद आहेत. आदल्या दिवशी निमंत्रितांसमोर झालेली रंगीत तालीम शांततेत पार पडली होती. पुढील वर्षी एप्रिलमध्ये पॅरिसमध्येच हे संगीत नृत्याविना सादर झाले, तेव्हा श्रोत्यांनी स्ट्राविन्स्की यांना खांद्यावर उचलून मिरवले. १९४० साली तर वॉल्ट डिस्ने यांच्या ‘फँटासिया’ या चित्रपटात त्याच संगीतावर डायनासोर अवतरले आणि ते मुलांच्याही कानी पडले.

यावरून ‘आज ज्याची हुर्यो उडते, ते उद्या डोक्यावर घेतले जाते’ असा सोयीस्कर निष्कर्ष काढला जातो. निकोलस स्लोनिम्स्की या संगीतपंडिताने १९५३ साली बेथोव्हेनपासून पुढच्या रचनाकारांवर त्यांच्या काळात झालेल्या जहरी टीकेचा एक संग्रहच प्रसिद्ध केला. तो चाळताना हा निष्कर्ष पटतोही. परंतु तो अर्धवट आहे. हुर्यो उडालेली प्रत्येक रचना श्रेष्ठ ठरत नाही. ज्या विस्मृतीत गेल्या त्यांची उदाहरणे कोणी देत नाही, इतकेच. शिवाय एकाच वर्षी वादात सापडलेल्या या दोन रचनाकारांचे पुढचे नशीबही सारखे नाही. स्ट्राविन्स्की यांची ती कृती आज सभागृहे भरवते. शोनबर्ग यांचा प्रभाव संगीताच्या अभ्यासक्रमांत अढळ असला, तरी त्यांच्या उत्तरकालीन रचनांना शंभर वर्षांनंतरही सर्वसामान्य श्रोत्याची माया लाभलेली नाही. काळ हे काही सर्वच तंट्यांवरचे औषध नव्हे.

कानाची तक्रार नेमकी कशाबद्दल?

हा फरक समजून घेण्यासाठी भारतीय श्रोत्याला तानपुऱ्याचा आधार घेता येईल. तानपुरा जुळवताना दोन तारा जवळजवळ सारख्या, परंतु पुरत्या न जुळलेल्या असल्या की नादात एक थरथर ऐकू येते. तारा जुळत जातात तशी ती मंदावते आणि अखेर मावळते. जवळजवळच्या कंपनसंख्यांचे नाद एकत्र आले की कानात अशी खरखर निर्माण होते, हे भौतिक सत्य आहे. स्वरसंवाद आणि विसंवाद यांतील भेदाचा एक पाया असा शरीरात आहे.

मात्र सगळा भेद शरीरातला नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे जोश मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलिव्हियातील ॲमेझॉनच्या जंगलात राहणाऱ्या त्सिमाने समाजात केलेला अभ्यास २०१६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य संगीताचा फारसा संपर्क नसलेल्या या लोकांना संवादी आणि विसंवादी स्वरमेळ सारखेच सुखद वाटले. निव्वळ खरखरीत नाद मात्र त्यांनाही नकोसे होते. याचा अर्थ असा की, पाश्चात्त्य श्रोत्याला एखादा स्वरमेळ ‘कर्कश’ वाटतो, त्यामागे पुष्कळ अंशी त्याच्या कानावर झालेले संस्कार असतात.

हे संस्कार मुख्यतः अपेक्षेचे असतात. संगीत ऐकताना मन सतत पुढच्या स्वराचा अंदाज बांधत असते. तबल्याच्या आवर्तनात सम कोठे येणार, हे रसिकाला आधीच जाणवते. गायक तिच्याशी कितीही लपंडाव खेळला तरी अखेर समेवर येणार, या भरवशावर तो आनंद उभा असतो. पाश्चात्त्य संगीतात हे काम मूळ स्वराशी बांधलेल्या स्वरव्यवस्थेने सुमारे तीन शतके केले. स्वरमेळ मूळ स्वरापासून दूर जातात, ताण वाढतो आणि परतीच्या क्षणी तो सुटतो. शोनबर्ग यांनी हा मूळ स्वरच दूर सारला. विसंवादाला संवादाकडे परतण्याच्या बंधनातून मुक्त करावे, ही त्यांची भूमिका होती. १९२० च्या दशकात त्यांनी सप्तकातील बाराही स्वरांना समान स्थान देणारी रचनापद्धती मांडली.

मराठी श्रोत्याने संगीतातले वाद पाहिलेले नाहीत असे नाही. कुमार गंधर्व यांच्या गायकीवरून परंपरानिष्ठ आणि नवतेचे चाहते यांच्यात किती चर्चा झडल्या, हे जुन्या पिढीला स्मरत असेल. परंतु त्या वादातही तानपुऱ्याचा षड्ज आपल्या जागी होता. शोनबर्ग यांच्या संगीतात तो षड्जच काढून घेतलेला आहे. स्ट्राविन्स्की यांच्या रचनेत विसंवाद कितीही तीव्र असला, तरी लयीचा आघात आणि लोकसंगीताच्या वळणाचे स्वरसमूह पुन्हापुन्हा येतात. कानाला धरायला काहीतरी मिळते. श्रोत्याची माया कोठे जडते आणि कोठे जडत नाही, याचे एक कारण येथे सापडते. बर्ग यांची १९३५ सालची व्हायोलिन कंचर्टो बारा स्वरांच्या पद्धतीने बांधलेली असूनही लोकप्रिय झाली, तीही त्यात जुन्या स्वरव्यवस्थेच्या खुणा जपलेल्या असल्यामुळेच.

टाळीलाही बंदी

श्रोत्यांशी झालेल्या संघर्षानंतर रचनाकारांनी काय केले, हाही या कथेचा महत्त्वाचा भाग आहे. शोनबर्ग यांनी १९१८ साली व्हिएन्नात खासगी संगीतप्रयोगांसाठी एक मंडळ स्थापन केले. तेथे केवळ सभासदांना प्रवेश असे, समीक्षकांना मज्जाव होता, कार्यक्रमात काय वाजणार हे आधी जाहीर होत नसे आणि निषेधाप्रमाणेच टाळ्यांनाही बंदी होती. अवघड रचनांची भरपूर तालीम होई आणि त्या पुन्हापुन्हा सादर होत. एकदाच ऐकून निवाडा देऊ नये, हा त्यामागील हेतू होता. तो निराधारही नव्हता. एखाद्या गोष्टीशी वारंवार संबंध आल्यानेच तिच्याविषयी आवड वाढू शकते, हे पुढे १९६८ साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. पण रोजच्या व्यवहारात नव्या रचनेला ही संधी क्वचितच मिळते. पहिला प्रयोग होतो, बातमी येते आणि दुसरा प्रयोग कधीच होत नाही.

याच भूमिकेचे टोक १९५८ साली गाठले गेले. ‘हाय फिडेलिटी’ या अमेरिकी मासिकात रचनाकार मिल्टन बॅबिट यांचा लेख ‘तुम्ही ऐकता की नाही, याची पर्वा कोणाला?’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली छापून आला. मथळा संपादकांचा होता. बॅबिट यांनी लेखाला ‘रचनाकार : एक विशेषज्ञ’ अशा अर्थाचे शीर्षक दिले होते. प्रगत गणित किंवा पदार्थविज्ञान सामान्य माणसाला समजावे अशी अपेक्षा कोणी करत नाही, मग प्रगत संगीताकडूनच ती का करावी आणि विद्यापीठांनी अशा संगीताला आसरा का देऊ नये, असा त्यांचा प्रश्न होता. तो तर्कशुद्ध होता, पण तुलना सर्वांना पटली नाही. गणिती सिद्धान्त तपासता येतो. संगीत मात्र कोणीतरी ऐकावे यासाठीच वाजवले जाते. तिकीट काढून दोन तास देणाऱ्या श्रोत्याला ‘तुमची समज अपुरी आहे’ असे सुनावले की, तो पुढच्या वेळी येतच नाही. श्रोत्यांच्या नाराजीत केवळ स्वरांबद्दलची तक्रार नसते. आपला अवमान झाल्याची भावनाही तिच्यात मिसळलेली असते.

तोच नाद, वेगळा प्रसंग

तरीही ‘लोकांना हे नाद सहनच होत नाहीत’ असे म्हणता येत नाही. ग्यॉर्गी लिगेटी यांच्या ‘ॲटमॉस्फिअर्स’ या १९६१ सालच्या रचनेत ना चाल आहे ना ठेका. वाद्यवृंदाच्या असंख्य स्वरांचा एक ढग तेवढा सरकत राहतो. मैफलीत अनेकांना ती अनाकलनीय वाटली असती. स्टॅन्ली क्युब्रिक यांनी १९६८ साली ती ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात वापरली आणि अंतराळाची अथांगता अनुभवताना जगभरच्या प्रेक्षकांनी ती विनातक्रार ऐकली. हा वापर रचनाकाराला विश्वासात न घेता झाला होता आणि त्याबद्दल लिगेटी नाराजही झाले होते. तथापि त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले ते या चित्रपटामुळेच.

पोलंडचे क्रिश्टॉफ पेंडेरेत्स्की यांचे उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. ५२ तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या त्यांच्या रचनेचे मूळ नाव तिच्या कालावधीवरून नुसते ‘८ मिनिटे ३७ सेकंद’ असे होते. नंतर त्यांनी ती हिरोशिमाच्या बळींना अर्पण केली आणि ती त्यांच्यासाठीचा शोकगान म्हणून ओळखली जाऊ लागली. स्वर तेच राहिले, परंतु नाव बदलताच तारांचा किंकाळीसारखा नाद श्रोत्यांना अर्थपूर्ण वाटू लागला. हे श्रोत्याला दाखवलेले दार की त्याच्या भावनेला घातलेली साद, यावर मतभेद होऊ शकतात. मात्र श्रोत्याचा निवाडा केवळ स्वरांवर ठरत नाही, एवढे यातून निश्चित होते.

याच्या उलट वाटेने गेली ती हेन्रिक गुरेत्स्की यांची तिसरी सिम्फनी. १९७७ साली फ्रान्समधील रॉयां येथे ती प्रथम सादर झाली, तेव्हा तिच्या संथ, साध्या स्वरमेळांवर नवसंगीताचे पुरस्कर्तेच नाखूश झाले. त्यांच्या मते ही माघार होती. गेस्टापोच्या कोठडीच्या भिंतीवर एका १८ वर्षांच्या मुलीने कोरलेले शब्द तिच्या दुसऱ्या भागात गायले जातात. डॉन अपशॉ यांच्या स्वरातील तिचे ध्वनिमुद्रण १९९२ साली बाजारात आले आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. येथे दुभंग उलटा होता : सामान्य श्रोते प्रसन्न आणि जाणकार साशंक.

प्रसंग चुकला की काय होते, हे लंडनने १९९५ साली पाहिले. बीबीसी प्रॉम्स महोत्सवाची अखेरची रात्र म्हणजे परिचित देशभक्तिपर गीते, झेंडे आणि जल्लोष. त्या रात्रीच्या कार्यक्रमात हॅरिसन बर्टविसल यांची सॅक्सोफोन आणि ड्रमसाठीची ‘पॅनिक’ ही झंझावाती रचना ठेवण्यात आली. बीबीसीकडे तक्रारींचा ओघ लागला. हीच रचना नवसंगीताच्या महोत्सवात वाजली असती, तर कदाचित कोणी भुवईही उंचावली नसती. सणाच्या पंगतीत न सांगता अनोळखी पदार्थ वाढला गेला होता.

भारताशी जोडलेले धागे

या साऱ्या घडामोडींपासून भारत अलिप्त नव्हता. अहमदाबादच्या गीता साराभाई १९४६ साली न्यूयॉर्कला गेल्या, तेव्हा त्यांनी रचनाकार जॉन केज यांच्याकडून पाश्चात्त्य संगीताचे आणि केज यांनी त्यांच्याकडून भारतीय संगीताचे धडे घेतले. मन शांत करून त्याला दिव्य प्रभावांसाठी ग्रहणक्षम करणे हे संगीताचे प्रयोजन, असे आपल्या गुरूंचे मत त्यांनी केज यांना सांगितले. हे सूत्र केज यांनी आयुष्यभर जपले. २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक येथे त्यांची ‘४ मिनिटे ३३ सेकंद’ ही रचना सादर झाली. तिच्यात पियानोवादक डेव्हिड ट्युडर यांनी एकही स्वर वाजवला नाही. काही श्रोते उठून गेले. केज यांच्या मते मात्र ती शांतता रिकामी नव्हती : बाहेर वारा होता, छतावर पावसाचे थेंब होते आणि अखेरीस खुद्द श्रोत्यांची कुजबुज होती.

फिलिप ग्लास यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास पॅरिसमध्ये पंडित रविशंकर यांच्यासोबत काम करताना भारतीय लयविचार जवळून पाहिला. त्यांची ‘सत्याग्रह’ ही गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील लढ्यावरील ऑपेरा १९८० साली रॉटरडॅममध्ये सादर झाली. तिची संहिता भगवद्‌गीतेतील संस्कृत वचनांची आहे. ला माँट यंग आणि टेरी रायली यांनी १९७० पासून किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्यत्व पत्करले. एका स्वरावर दीर्घकाळ थांबण्यातील जी समृद्धी विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला परिचित आहे, ती या रचनाकारांनी आपल्या पद्धतीने शोधली.

भारतीय मैफलीकडे पाहिले की या वादातील आणखी एक गाठ उकलते. आपल्याकडे श्रोता गाण्याच्या ओघातच दाद देतो. एखादी जागा रुचली नाही तर ती दाद आटते आणि कलावंताला ते लगेच कळते. मोझार्टच्या काळी युरोपातही काहीसे असेच होते. १७७८ साली पॅरिसमध्ये आपल्या सिम्फनीला मध्येच टाळी पडली, याचा आनंद त्याने वडिलांना पत्राने कळवला होता. एकोणिसाव्या शतकात मात्र सभागृहात निःशब्द बसण्याचा शिष्टाचार रुजला. मनात साचलेली नापसंती व्यक्त करण्याचा सौम्य मार्गच उरला नाही. मग ती फुटते तेव्हा बुटाच्या आवाजाने फुटते.

मुंबईत २००६ साली राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राच्या म्हणजे एनसीपीएच्या पुढाकाराने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. या वाद्यवृंदासाठी उस्ताद झाकीर हुसेन यांनी रचलेली ‘पेशकार’ ही तबल्याची कंचर्टो २०१५ साली सादर झाली. अपरिचित वाद्यवृंदामध्ये ओळखीचा तबला असला की श्रोत्याला पाऊल ठेवायला जागा मिळते. नव्या रचनेला श्रोते मिळवून देण्याचा हा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे.

वादातून काय हाती लागते?

शतकभराच्या या वादात दोन्ही पक्षांचे म्हणणे सयुक्तिक आहे. रचनाकार म्हणतो की, केवळ जुनेच पुन्हापुन्हा घडवत राहिले तर परंपरा थिजेल. श्रोता म्हणतो की, आपल्या कानाला आणि वेळेला मोल आहे. या दोहोंमधील अंतर कमी झाले ते उपदेशाने नव्हे, तर तयारीने : रचना दुसऱ्यांदा ऐकण्याची संधी मिळाली, योग्य प्रसंग लाभला, वाजवण्यापूर्वी चार शब्द सांगितले गेले, तेव्हा. आणि एवढे करूनही एखादी रचना रुचली नाही, तर तसे म्हणण्याचा अधिकार श्रोत्याकडे उरतोच. नावडणे म्हणजे अडाणीपणा नव्हे, तसेच हुर्यो उडणे म्हणजे थोरवीचा दाखलाही नव्हे.

स्टीव्ह राइश यांना २००९ साली संगीतासाठीचा पुलित्झर पुरस्कार मिळाला. ज्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांची रचना थांबवण्यासाठी श्रोते ओरडले होते, त्याच संस्थेने २०१६-१७ च्या हंगामासाठी त्यांना रचनाकाराचे मानाचे पद दिले. दरम्यान ‘फोर ऑर्गन्स’मधील एकही स्वर बदललेला नव्हता. बदलली होती ती ऐकणाऱ्यांची तयारी. मात्र आजही ती रचना प्रथमच ऐकणाऱ्या एखाद्याला पाचव्या मिनिटाला उठून जावेसे वाटले, तर १९७३ मधील त्या श्रोत्यांइतकीच त्याचीही प्रतिक्रिया प्रामाणिक असेल.